केळीच्या पानावरचं नून

बाई, तुम्ही मला विसरला असाल यात मला शंका नाही. छत्री शाळेत विसरायची, चष्मा कपाळावर चढवून घरभर शोधायचा, भात चुलीवर ठेवून वह्या तपासत बसायचं आणि जळका वास आला की भिंतीपलीकडच्या शेजारणीला विचारायचं, कुणाचं गं करपतंय? अशी तुमची आठवण. तिथे चिंचणीला तुमच्या दारात मासळीची पाटी उतरवणारी एक कोळीण कुठली टिकायला. त्यात तुम्हाला जाऊनही आता किती वर्षं झाली. म्हणून ओळख देते. मी ती, जिला तुम्ही एकच अक्षर शिकवलंत. बाकीची राहिली. ती का राहिली ते सांगायला आज बसले आहे, आणि तुम्ही मुंबईला गेला होता तेव्हा तुमच्या आईला मी काय खाऊ घातलं तेही सांगायचं आहे. तसं पाहिलं तर दोन्ही एकच गोष्ट.

लिहितेय माझी नात. मी बोलते, ती लिहिते. मी 'नाय' म्हटलं की ती 'नाही' लिहिते. मी म्हटलं, 'अगं, बाईंना माझं नाय चांगलं ठाऊक हाय.' तर म्हणते, 'आजी, हे पत्र हाय, बाजार नाय.' बोलताना माझ्यासारखीच बोलते, हातात पेन आलं की शहाणी होते. तेव्हा यात जे शुद्ध दिसेल ते तिचं समजा आणि जे खरं असेल ते माझं.

तुम्ही आमच्याकडे बदलून आलात तेव्हा तारापूरला अणुविजेच्या कारखान्याचं काम निघालं होतं. ट्रक जायचे, बोईसरला हिंदी ऐकू यायला लागली होती, रोज कुणीतरी नवं माणूस दिसायचं. त्यामुळे शाळेमागच्या खोलीत एक मास्तरीणबाई आणि तिची म्हातारी आई राहायला आली, याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. मला वाटलं. कारण तुमचं बोलणं आमच्यापेक्षाही मराठी, साडी आमच्यासारखीच, पण घरात देवाची एक तसबीर नाही आणि शनिवारी चूल नाही. दांडीला माझ्या माहेरी मी आईला विचारलं, ही कुठली माणसं? ती म्हणाली, मासे घेतात ना, मग आपली.

पहिल्या दिवशी मी बोंबील घेऊन आले होते. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून विचारलंत, 'याला खवले असतात का?'

मी हसले. 'बाई, बोंबील हाय ह्यो. त्याला हाडं धड नाय, खवले कुठले?'

तेवढ्यात आतून आवाज आला. 'शेपटीकडे बघ म्हणावं. आमच्या अलिबागेकडे खायचे.'

मी एक बोंबील उचलून शेपटीकडे अंगठा फिरवला, आणि खरंच, अंगठ्याला बारीक बारीक चकचकीत काहीतरी चिकटलं. मी मासळीत जन्मले, मासळीत वाढले, आणि बोंबलाला खवले असतात हे मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या बाईनं खाटेवर बसून सांगितलं. त्या दिवसापासून तुमच्या आईला मी मावशी म्हणायला लागले.

मग तुम्ही मला तुमच्या घरचा कायदा सांगितलात. ज्याला पोहायचे पर आणि अंगावर खवले, तोच मासा चालणार. कोळंबी नाही, खेकडा नाही, मुशी नाही, शिंगाळा नाही, आणि सापासारखी लांब वाम तर नावालाही नको. मी म्हटलं, 'म्हणजे निम्मा दर्या देवानं तुमच्यासाठी बंदच ठेवला की.' मावशी म्हणाल्या, 'आमच्यासाठी बंद ठेवला म्हणून तर तुमच्यासाठी उरला. देवाला नावं ठेवू नकोस.' त्यांच्याशी बोलण्यात कुणी जिंकायचं नाही. माझ्यासारखी बाजारात बसणारीही नाही.

अडचण अशी होती की सकाळी तुम्ही शाळेत जायचात आणि मी मासा घेऊन येईपर्यंत मावशी एकट्या असायच्या. मी साफ करून, तुकडे करून देत होते. एकदा साफ केलेल्या माशाला खवले होते की नव्हते, हे डोळसालाही सांगता येत नाही, तिथे त्यांना कुठून कळणार? माझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे, असं तुम्ही चारदा म्हणालात, पण तिच्या मनाला बरं वाटेल अशी काहीतरी खूण हवी. मी म्हटलं, पानाचा कोपरा फाडून देत जाईन. तुम्ही म्हणालात, 'कोपरा वाऱ्यानंही फाटतो. तू अक्षरच काढ.'

मी म्हटलं, 'मला अक्षर येत नाय.'

'एक येईल.'

आणि तुम्ही ती काळ्या पुठ्ठ्याची पोथी काढलीत, एका बाजूला आपली मराठी आणि दुसऱ्या बाजूला ती तुमची उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू अक्षरं. ती उलटी वाचतात याचं गावात सगळ्यांना फार नवल. मला काहीच वाटलं नाही. जिला सुलटी येत नाहीत तिला उलटी कशी दिसणार? तुम्ही केळीचं पान घेतलंत आणि नखानं त्यावर एक अक्षर ओरखडलंत. वर छोटी आडवी, मग उभी, मग खाली डावीकडे वळलेली. आमच्या गळाची आकडी कशी असते, तशी. थोड्या वेळानं ओरखडा काळपट झाला आणि अक्षर वर आलं.

'हे नून,' तुम्ही म्हणालात. 'आपल्या न-चं अक्षर. जुन्या अरामी भाषेत नून म्हणजे मासा.'

अक्षराला अर्थ असतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही खाली बसलात, वर्गात बसता तशा, आणि मला सांगायला लागलात. आपल्या क-ला नुसता आवाज आहे, पण या अक्षरांची नावं म्हणजे एकेक वस्तू. पहिलं अक्षर बैल, दुसरं घर, तिसरं उंट. मेम म्हणजे पाणी, आणि मेमला लागून लगेच नून, मासा. मी म्हटलं, 'पाण्यामागून मासा. बरोबर हाय. ज्यानं ओळ लावली तो दर्यावरचा असणार. उंट तेवढा आमच्याकडं नाय, बाकी सगळं गावातलंच.' तुम्ही म्हणालात, तो दर्यावरचा नसेल, वाळवंटातला असेल. फार पूर्वी तिकडच्या राजाकडे शेकडो चित्रांची लिपी होती, ती शिकण्यात माणसाचा जन्म जायचा. तिथल्या खाणीत परमुलखातून आलेले मजूर राबत होते. त्यांना ती येत नव्हती. त्यांनी त्यातली थोडी चित्रं उचलली आणि आपल्या बोलीत त्या वस्तूला जे नाव होतं त्याचा पहिला आवाज तेवढा घेतला. म्हणजे बैल काढायचा आणि बैलाच्या नावातला पहिला आवाज वाचायचा. त्यातून ही सगळी अक्षरं निघाली असं म्हणतात.

'म्हणजे अक्षरं न शिकलेल्यांनी काढली?' मी विचारलं.

'असं म्हणतात.'

'आणि आता शिकलेले ती आमाला शिकवतात.'

तुम्ही हसलात, पण थोडं ओशाळून. मग तुम्ही जे बोललात ते बोलायला नको होतं, बाई. तुम्ही म्हणालात, विद्वानांचं असंही म्हणणं आहे की नूनचं अगदी पहिलं चित्र माशाचं नव्हतंच, सापाचं होतं. सापाच्या त्यांच्या नावातही पहिला आवाज न. वळवळणारी एक रेघ. पुढे कधीतरी कुणीतरी त्याला मासा म्हणायला लागलं आणि तेच नाव टिकलं.

'मग साप की मासा?'

'दोन्ही म्हण.'

'मग वाम असेल,' मी म्हटलं.

मावशी इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. 'वाम म्हणू नकोस गं बये,' त्या म्हणाल्या, 'माझ्या पोथीत वाम सोडशील.'

त्यानंतर रोज मी मासा साफ करायचे, पानात बांधायचे आणि वरून नखानं नून ओरखडायचे. मावशी पुडी मांडीवर घेऊन त्यावर बोट फिरवायच्या. डोळे गेले तरी बोट वाचत होतं. 'आज घाईत होतीस,' म्हणायच्या. किंवा, 'आज नवऱ्याशी भांडलीस, जोर लागलाय.' बरोबर निघायचं. मला शाळेतल्या कुठल्याही पोरापेक्षा जास्त मान वाटायचा. गावात दुसऱ्या कुणाचं अक्षर कुणी बोट फिरवून वाचत नव्हतं. तुम्ही एकदा दाखवलंत की हेच नून शब्दाच्या शेवटी आलं तर वाकत नाही, सरळ खाली उतरतं, ओळीच्याही खाली. मी म्हटलं, हे बरंय, आयुष्यभर वाकून राहायचं आणि शेवटाला सरळ व्हायचं. तुम्ही म्हणालात, लवकर सरळ झालं तरी कुणी अडवत नाही. मला तेव्हा ते काही लागलं नाही. तेव्हा लागण्यासारखं काही केलंही नव्हतं.

मग तो श्रावण आला. मावशी तापातून उठल्या होत्या आणि अन्न जात नव्हतं. पेज दिली की तशीच परत यायची. तुमचे तिकडे इस्रायलला जायचे कागद निघाले होते, त्यासाठी तुम्हाला मुंबईला जाणं भाग होतं. बोईसरची गाडी धरायच्या आधी तुम्ही माझ्या दारात आलात, छत्री अर्थात विसरून, पदर डोक्यावर घेऊन. म्हणालात, 'आईला मासा जातो तेवढाच. तू घाल खायला. मी येईन तेव्हा ती उठून बसलेली दिसली पाहिजे.' मी म्हटलं, 'बसवते, बाई. जा तुमी.'

श्रावणात मासा कुठला, बाई? नारळी पौर्णिमा व्हायची होती, होड्या वर ओढलेल्या, दर्या खवळलेला. एरवी खाडीत बोय तरी मिळते, तिला चांगले खवले असतात. त्या दिवशी बोय नव्हती. मी खाडीच्या दोन्ही अंगांना फिरले, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चुलीत डोकावले. एका घरी होती, वाम. जाडजूड, हाताएवढी. सुकी मासळी घरात होती, पण मावशींना ती चावायची नाही. आदल्या दिवशी त्यांनी दोन घोट पाणी घेतलं होतं आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी वाम आणली. राखेनं घासून बुळबुळ काढली, कातडी सोलली, गोल तुकडे केले. पांढरे, स्वच्छ, कुणीही खवल्यांची घोळ म्हणावी असे. पानात बांधले. आणि पानावर नख टेकवून बसून राहिले.

मला ठाऊक होतं काय करतेय. कुणी असं म्हणू नये की अडाणी बाई, तिला काय कळतंय. मला तुमचं बोलणं आठवत होतं, साप की मासा, दोन्ही म्हण. मी मनाशी म्हटलं, वामीवर नून काढलं तर अक्षर तरी खोटं होत नाही. आणि काढलं.

मावशींनी बोट फिरवलं. बोट थांबलं, पुन्हा मागून फिरलं. 'आज थरथरलंय गं तुझं नून.'

'पावसानं हात गारठलेत, मावशी.'

'कुठला मासा?'

'घोळ.'

'श्रावणात घोळ?'

'आली एक. वाट चुकली असंल.'

त्यांनी पुडी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाल्या, 'बरं. नारळाच्या दुधात कर. कोथिंबीर घाल.' मी तिथेच त्यांच्या चुलीवर शिजवलं. त्यांनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग भात मागितला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, कालचीच आण. मी आणली. तिसऱ्या दिवशीही आणली. तुम्ही परत आलात तेव्हा मावशी खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या आणि तुम्हाला ओरडत होत्या की छत्री का नेली नाहीस.

तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत. विचारलंत, कुठला मासा मिळाला एवढ्या पावसात? मी म्हटलं, घोळ. मावशी म्हणाल्या, 'काटा म्हणून नाही. लोण्यासारखी.' तुम्ही म्हणालात, 'घोळीचे खवले ठेवलेस का गं? मोठे असतात ना, वर्गात मुलांना दाखवले असते.' मी म्हटलं, 'फेकले.' तुम्ही 'बरं' म्हणालात आणि बॅग उघडायला लागलात. बाई, ते 'बरं' मी इतकी वर्षं उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात काही होतं की नव्हतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, 'तुला एक अक्षर छान आलं, आता नाव लिहायला शिक. रोज दुपारी ये, मी जायच्या आत तुझं नाव तुझ्या हातानं लिहून घेते.' मी हो म्हटलं आणि आले नाही. पहिल्यांदा म्हटलं, जाळी विणायची आहेत. मग म्हटलं, सासू आजारी आहे. ती तर अंगणात बसून तांदूळ निवडत होती, तुम्ही मला बोलवायला येताना तिला पाहिलंच होतंत. खरं कारण हे की तुमच्यासमोर पाटी घेऊन बसायचं आणि तुम्ही हात धरून गिरवून घ्यायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. ज्या हातानं ती पुडी बांधली तोच हात तुम्ही धरणार. शेवटी तुम्ही चिडलात. तुम्ही कधी चिडायचा नाहीत. म्हणालात, 'तुला नको असेल तर सरळ नको म्हण. खोटं कशाला बोलतेस?'

तुम्ही शिकण्याबद्दलच बोलत होता. बहुतेक. पण मी मासळीची पाटी उचलली आणि घरी जाऊन चुलीपुढे बसून राहिले. त्यानंतर तुम्ही कधी नाव काढलं नाहीत, आणि मीही नाही. मासा मात्र रोज आणत होते, आणि पुन्हा कधी चुकीच्या माशावर नून काढलं नाही. मावशी अधूनमधून विचारायच्या, 'ती श्रावणातली घोळ पुन्हा नाही का आली गं?' मी म्हणायचे, 'नाय मावशी, गेली ती.' त्या म्हणायच्या, 'वाट सापडली असेल.' आणि हसायच्या. त्यांना कळलं होतं का, बाई? अक्षर थरथरलं हे ज्यांच्या बोटाला कळलं, त्यांच्या जिभेला वाम कळली नसेल? मला कधी वाटतं, कळलं होतं आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं. कधी वाटतं, असं वाटून घेणं मला सोयीचं आहे.

तुम्ही दोघी इस्रायलला निघालात तेव्हा तुम्ही मला दगडी पाटी दिलीत, वर माझं नाव लिहून. म्हणालात, गिरव. मी काही दिवस गिरवलं नाही, मग पुसून गेलं, मग ती पाटी मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून चांगली बसली. मावशी तिकडे वारल्याचं आणि पुढे काही वर्षांनी तुम्हीही गेल्याचं शाळेतल्या मोठ्या बाईंनी सांगितलं. तोवर मला मुलं झाली, सुना आल्या. सगळ्यांनी कधी ना कधी विचारलं, आई, तू का नाही शिकलीस? मी म्हणत आले, वेळ कुणाला होता. नातीनंही हेच लिहून घेतलं असतं. आत्ता तिचं पेन थांबलंय आणि ती माझ्याकडे बघतेय. लिही गं, तेही लिही.

मी पुष्कळ विचार केला. पुन्हा तसाच श्रावण आला आणि मावशी तशाच भिंतीकडे तोंड करून पडल्या, तर मी पुन्हा वामच नेईन. हे तुम्हाला आवडणार नाही, पण खोटं बोलू नकोस असं तुम्हीच सांगितलंत. फक्त पानावर काही काढणार नाही. पुडी मांडीवर ठेवीन आणि म्हणेन, मावशी, वाम आहे, खायची की नाही ते तुम्ही ठरवा. तेवढं विचारायचं होतं. तेवढंच मी विचारलं नाही. त्या नको म्हणाल्या असत्या तर काय, या भीतीनं मी त्यांच्या तोंडातलं उत्तर काढून घेतलं.

नात विचारतेय, पत्ता काय घालायचा. मी म्हटलं, घडी करून तुझ्या वहीत ठेव. हे कुठे टाकायचं नाही. पण लिहिलंच आहे तर एक काम सांगते. तुमच्या नव्या वर्षाला मावशी गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात आटवून लाल हलवा थापायच्या, तो पाठवा. लहान तुकडा पुरे, मला साखरेचा आजार आहे आणि डॉक्टर ओरडतो. नातीला यातलं काही कळू देऊ नका, लिहीत असली तरी. हलवा आला तर मी समजेन की रागावला नाहीत. आणि नाही आला तर मी समजेन, टपालात कुणीतरी खाल्ला.